दोन मिनिटांचा धमाका!

हिमोग्लोबिन ९.८! रिपोर्ट हातात पडला आणि मी गारच पडले. डेडलाइनच्या नादात चहा-बिस्किटांवर काढलेले दिवस असे अंगाशी आले होते. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "मटण खाता ना?" खाते की! पण घरचं मटण म्हणजे रविवारचा कार्यक्रम. वाटण, रस्सा, कुकरच्या शिट्ट्या... मंगळवारी रात्री नऊला हे कोण करणार?

उत्तर मिळालं थेट बीजिंगच्या किचनमध्ये! 'त्सुंग बाव यांगरोऊ'. त्सुंग म्हणजे पातीचा कांदा, यांगरोऊ म्हणजे मेंढीचं मटण आणि बाव म्हणजे चक्क स्फोट! बीजिंगच्या मुस्लिम खानावळींची ही लाडकी डिश. मांडीचं बिनहाडाचं मटण अर्धवट गोठवून, रेषांना आडवे छेद देत कागदासारखं पातळ कापायचं. सोया सॉस, तांदळाची वाइन आणि पांढरी मिरी चोळायची. धूर निघणाऱ्या कढईत मटणाचा रंग बदलला, की अंगठ्याएवढ्या जाड कांद्याचे तिरके तुकडे टाकायचे. दोन-तीन मिनिटांत खेळ खल्लास!

आता हेल्थचा फंडा. १०० ग्रॅम कच्च्या, कमी चरबीच्या मटणात सुमारे २० ग्रॅम प्रोटीन, दीड ते दोन मिलिग्रॅम लोह, भरपूर झिंक आणि जवळपास दिवसभराचं बी-१२ असतं. लोहाचा आकडा छोटा वाटतो ना? पण मांसातलं लोह पालकातल्या लोहापेक्षा शरीरात चांगलं शोषलं जातं. शिवाय सोबत खाल्लेल्या भाजीतलं लोह शोषायलाही ते मदत करतं. म्हणून बाजूला पालेभाजी हवीच.

पण जरा जपून! एक टेबलस्पून सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा आहे २००० मिलिग्रॅम. तेव्हा वरून मीठ नको. रेड मीटही शिजवलेलं आठवड्याला ३५० ते ५०० ग्रॅमच्या आतच बरं. आणि आपल्याकडे मटण म्हणजे बहुधा बोकडाचं, म्हणून नाराज होऊ नका. चिनी भाषेत मेंढी आणि बकरी दोघीही 'यांग'च! उलट बोकडाच्या मटणात चरबी कमीच.

तीन महिन्यांनी माझा रिपोर्ट आला, ११.४. श्रेय अर्थातच गोळ्यांचं, त्या मी एकदाही चुकवल्या नाहीत. पण मंगळवार रात्रीचा बिस्किटाचा पुडा सुटला, तो मात्र या धमाक्यामुळेच!