सुकी मासळी : गृहपाक

उन्हात वाळवून किंवा मीठ लावून टिकविलेले सागरी मासे आणि कोळंबीवर्गीय प्राणी यांना सुकी मासळी म्हणतात. सह्याद्रीच्या पूर्वेकडील भागात समुद्राचे अन्न सामान्य घरांत पोहोचले, ते मुख्यतः या रूपाने. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी किनाऱ्यापासून सरळ रेषेत १०० किमी.हून अधिक दूर असून मध्ये घाट आहेत. करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड या जलाशयांच्या या तालुक्यात रोहू, कटला हे गोड्या पाण्यातील मासे ताजे मिळू शकतात. सागरी मासे मात्र बर्फात घालून आणावे लागतात. सुकट आणि बोंबील यांना बर्फ लागत नाही, त्यांचे वजन कमी असते आणि ते थोडेथोडे विकत घेता येतात. पावसाळ्यात भाजी महागते व सागरी मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांचे महत्त्व विशेष जाणवते.

सुकट म्हणजे वाळविलेला जवळा (ॲसेटिस इंडिकस). सोलून वाळविलेल्या कोळंबीला सोडे म्हणतात. ते महाग असतात. बोंबील (हार्पाडॉन नेहेरियस) या माशाच्या शरीरात पाण्याचे प्रमाण फार असल्याने तो ताजा असताना लवकर खराब होतो. म्हणून वसई, सातपाटी, वर्सोवा इ. ठिकाणी बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या मांडवावरील दोऱ्यांवर वाळत घालतात. त्यासाठी सहसा मीठ वापरत नाहीत. पाणी निघून गेल्यामुळे सुक्या बोंबलाच्या १०० ग्रॅ.मध्ये सुमारे ६० ग्रॅ. प्रथिने असतात. सुकट कवचासह खाल्ली जात असल्याने तिच्यातून कॅल्शियमही भरपूर मिळते. सुकी मासळी ही ताज्या मासळीची हलकी प्रतिकृती नव्हे. तिची चव निराळी आणि पाकक्रियाही निराळी.

या पाकक्रियेतील निर्णायक भाग भाजण्याचा होय. वाळूत सुकविलेल्या जवळ्यात रेती हमखास असते. सुकट प्रथम चाळून व निवडून घ्यावी आणि कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत भाजावी. भाजल्याने साठवणीत शिरलेली आर्द्रता निघून जाते, खमंगपणा येतो आणि हाताने चोळून पाखडले असता मिशा व पाय सुटे होतात. नंतर ती भरपूर पाण्यात टाकून वरचेवर हाताने उचलून घ्यावी, म्हणजे रेती तळाशी राहते. भांडे पालथे करून पाणी ओतल्यास रेती पुन्हा सुकटीत मिसळते. कचकच लागणाऱ्या कालवणाचे कारण बहुधा एवढेच असते. तेलात कांदा, ठेचलेला लसूण व मिरची परतून त्यात ही सुकट घातली की पाच-सात मिनिटांत भाकरीबरोबर खाण्याजोगे कोरडे कोरड्यास तयार होते.

बोंबलाचे डोके, शेपूट व पर काढून बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करतात. ते भाजून दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत. जास्त वेळ भिजविल्यास त्यांचा लगदा होतो. किनाऱ्यावर कालवणात ओले खोबरे व आमसूल घालतात, तर नाशिककडे भाजलेला कांदा, सुके खोबरे व काळा मसाला यांचे वाटण आणि जोडीला वांगे किंवा बटाटा असतो. आंबटासाठी चिंच, टोमॅटो किंवा उन्हाळ्यात कैरी चालते. आंबट हे केवळ चवीसाठी नसते. मासळीच्या उग्र वासास मुख्यतः ट्रायमिथिल अमाइन हा क्षारकीय पदार्थ कारणीभूत असतो. अम्लाशी त्याचे लवण बनते व ते उडून जात नसल्याने वास मंदावतो.

खाऱ्या बांगड्याच्या बाबतीत अधिक दक्षता हवी. तो धुऊन व पाणी बदलत भिजवून मीठ उतरवावे आणि कालवणात वेगळे मीठ चाखल्याशिवाय घालू नये. रक्तदाबाच्या रुग्णांनी तो टाळणेच बरे. बांगडा मुळात उन्हात किंवा बर्फाविना पडून राहिला असेल, तर जंतूंमुळे त्यात हिस्टामीन तयार होते. ते शिजविल्याने वा तळल्याने नाहीसे होत नाही. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, डोके दुखणे, अंगावर गांधी उठणे ही लक्षणे दिसतात. खाऱ्या मासळीवर गुलाबी थर आल्यास किंवा मासळी चिकट लागल्यास ती टाकून द्यावी. कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यास सुकटीची चिमूटभर पूडही अपायकारक ठरू शकते, कारण ॲलर्जी उत्पन्न करणारे तिच्यातील प्रमुख प्रथिन उष्णतेने नष्ट होत नाही. चटणीत ती डोळ्यांना ओळखू येत नसल्याने पाहुण्यांना वाढताना तसे सांगावे.

साठविण्यासाठी घट्ट झाकणाचा कोरडा डबा वापरावा. पावसाळ्यापूर्वी मासळीला एकदा कडक ऊन द्यावे आणि ती पूर्ण निवल्यावरच डब्यात भरावी. गरम असतानाच झाकण लावल्यास आत वाफ धरून बुरशी येते.