आवर घालणाऱ्या पेशी

करोनाच्या साथीत घराघरांत एकच जप चालला होता: प्रतिकारशक्ती वाढवा. काढे उकळले गेले, व्हिटॅमिन सी आणि झिंकच्या गोळ्यांचा खप वाढला, हळदीचं दूध पुन्हा मानाला चढलं. या साऱ्यामागचं गृहीतक साधं होतं: प्रतिकारशक्ती जितकी जोरदार, तितका माणूस सुरक्षित. अतिदक्षता विभागातलं चित्र मात्र या गृहीतकात बसत नव्हतं. पहिला आठवडा ताप-खोकल्यावर निभावून नेलेल्या काही रुग्णांचं सॅच्युरेशन दुसऱ्या आठवड्यात एकाएकी घसरे, आणि तोवर विषाणूचं प्रमाण बहुधा उतरणीला लागलेलं असे. फुप्फुसांच्या नासधुशीत शरीराच्या स्वतःच्या पेशींचा वाटा मोठा होता. प्रतिकारशक्ती किती, एवढंच विचारून या आजाराचा उलगडा होत नाही. तिला आवरणाऱ्या पेशी कुठे होत्या आणि आजाराच्या कितव्या दिवशी होत्या, हेही विचारावं लागतं.

अशा पेशी असतात, हे फार दिवस अनेक शास्त्रज्ञांच्या गळी उतरत नव्हतं. जपानमध्ये शिमोन साकागुची यांनी १९९५ साली उंदरांवर केलेला प्रयोग निर्णायक ठरला. निरोगी उंदराच्या टी पेशींमधून त्यांनी सीडी-२५ ही खूण बाळगणाऱ्या मोजक्या पेशी वेगळ्या काढल्या आणि उरलेल्या पेशी, स्वतःच्या टी पेशी नसलेल्या उंदरांना टोचल्या. त्या उंदरांच्या निरनिराळ्या अवयवांवर टोचलेल्या पेशींनीच हल्ला चढवला. वगळलेल्या पेशीही सोबत दिल्या, तेव्हा हा आजार टळला. पुढे २००१ मध्ये मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्या गटाने फॉक्सपी-३ हे जनुक शोधलं. ते बिघडलं, तर मुलग्यांना तान्हेपणीच मधुमेह, न थांबणारे जुलाब आणि त्वचेचे विकार गाठतात. याच जनुकाच्या जोरावर आवर घालणाऱ्या, म्हणजेच नियामक, टी पेशी घडतात, हे दोन वर्षांत स्पष्ट झालं. या तिघांना २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

या नियामक टी पेशींचं करोना विषाणूंशी नातं कोविडच्या आधीच तपासलं गेलं होतं, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली गेली नाही. उंदरांना होणारा एक करोना विषाणू मेंदूला सूज आणतो आणि मज्जातंतूंवरचं आवरण उतरवतो. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात स्टॅन्ली पर्लमन यांच्या गटाने अशा आजारी उंदरांना नियामक टी पेशी टोचल्या. मेंदूतली नासधूस कमी झाली, काही उंदीर मरता मरता वाचले, आणि विषाणूचा निचरा व्हायला त्यामुळे उशीर झाला नाही. याच गटाला आणखी एक गंमत दिसली: संसर्ग ऐन भरात असताना विषाणूग्रस्त पेशींना ठार मारणाऱ्या टी पेशीच आयएल-१० हा दाह शमवणारा रेणू सोडत होत्या. मारणारी पेशीच स्वतःचा हात आखडता घेत होती. फुप्फुसात अशा संयमाला फार किंमत आहे. तिथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतका पातळ. दाह वाढला की या पडद्यातून पाणी झिरपतं, वायुकोश भरून जातात आणि ऑक्सिजन रक्तात पोचेनासा होतो. नियामक पेशी इथे दाह कमी करतातच, शिवाय फाटलेल्या उतींची डागडुजी सुरू करणारे रेणूही सोडतात. इन्फ्लुएंझा झालेल्या उंदरांच्या फुप्फुसांत हे स्पष्ट दिसलं आहे.

यावर एक रास्त आक्षेप येतो. आवर घालणाऱ्या पेशी इतक्या गुणी असतील, तर कोविडच्या गंभीर रुग्णांच्या रक्तात अशाच प्रकारच्या पेशी वाढलेल्या का सापडल्या? बॉन आणि बर्लिनच्या संशोधकांनी २०२० मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या पेशी एकेक करून तपासल्या. गंभीर रुग्णांमध्ये त्यांना अर्धवट वाढीच्या पांढऱ्या पेशी आढळल्या, आणि त्यांतल्या काहींवर प्रतिकार दाबण्याच्या खुणा होत्या. पण या पेशींचं कूळ वेगळं आहे. संसर्ग हाताबाहेर गेला की अस्थिमज्जेवर ताण येतो आणि ती कच्च्याच पेशी घाईघाईने रक्तात सोडते. यांतल्या काही पेशी आर्जिनेज नावाचं विकर वापरून भोवतीचं आर्जिनिन हे अमिनो आम्ल संपवून टाकतात. आर्जिनिन नाही, तर टी पेशींची वाढ खुंटते. परिणामी विषाणूला नेमकं टिपणाऱ्या टी पेशी लंगड्या पडतात आणि आंधळा दाह मात्र चालूच राहतो. तेव्हा एकाच रुग्णात प्रतिकार अतिही असतो आणि अपुराही. कुणी म्हणेल, या पेशी गंभीर आजाराचा परिणाम असतील, कारण नव्हे. तसं असू शकतं. माणसाचं रक्त तपासून तेवढ्यावर कार्यकारणभाव ठरत नाही. तरीही ‘प्रतिकार दाबणाऱ्या पेशी’ ही एकच जात समजून त्यांना सरसकट चांगलं किंवा वाईट ठरवणं, ही मला या विषयावरच्या बऱ्याच लोकप्रिय लेखनातली चूक वाटते.

वेळेचं महत्त्व माणसांमध्ये सर्वांत ठसठशीत दिसलं ते ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत. डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टेरॉइड प्रतिकाराला बाहेरून आवर घालतं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमध्ये २८ दिवसांतला मृत्युदर त्याने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आणला. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती, त्यांच्यात औषध घेणाऱ्यांपैकी १७.८ टक्के दगावले, न घेणाऱ्यांपैकी १४ टक्के. हा दुसरा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान आहे, पण फायदा दिसला नाही हे नक्की. स्टेरॉइड म्हणजे नियामक पेशी नव्हेत, हेही मान्य. ते सगळीकडे सारखंच दाबतं. पेशी जागा पाहून, नेमक्या शत्रूच्या ओळखीने काम करू शकतात. पण औषध तेच असताना आजाराच्या टप्प्यानुसार फळ बदलतं, एवढं या आकड्यांवरून म्हणता येतं. आवर लवकर घातला, तर विषाणूला मोकळं रान मिळण्याचा धोका राहतो.

महाराष्ट्राने याची झळ २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सोसली. स्टेरॉइडचा सैल वापर आणि ताब्यात नसलेली रक्तातली साखर एकत्र आली, आणि म्यूकरमायकोसिसने, म्हणजे काळ्या बुरशीने, अनेकांचे डोळे आणि जबडे नेले. कोविड अजून गेलेला नाही. घरातल्या कुणाला तो झाला आणि सॅच्युरेशन नीट असेल, तर जुन्या चिठ्ठीवरून किंवा शेजाऱ्याच्या सल्ल्याने स्टेरॉइड सुरू करू नका. सॅच्युरेशन घसरू लागलं, तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही दवडू नका.