विकून आला का ऐकून?

‘तुमच्या बाळापूरच्या आमदाराला पळवून नेलं म्हणे!’ जून २०२२ मध्ये शिवसेनेतलं बंड पेटलं तेव्हा हिंजवडीच्या ऑफिसात मला हे चारदा तरी ऐकावं लागलं. बॉस, ते बाळापूर अकोल्याचं! आमचं आखाडा बाळापूर हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी मतदारसंघात. टीव्हीच्या खालच्या पट्टीत जिल्हा मावत नाही, त्याला कोण काय करणार?

त्या बाळापूरच्या नितीन देशमुखांची गोष्ट मात्र बघण्यासारखी. सुरतहून परतल्यावर ते म्हणाले, मला जबरदस्तीनं नेलं, हॉस्पिटलात बळंच इंजेक्शन टोचलं. शिंदे गटानं लगेच त्यांचे प्रवासातले फोटो बाहेर काढले. चॅनल बदललं की सिनेमाच बदलायचा! आता फोटो खोटा असायची गरजच नाही. माणूस कुणाबरोबर बसलाय ते तो सांगतो. राजीखुशीनं बसलाय का, हे फोटोत कसं दिसणार?

आमच्याकडे हळदवाल्यांची एक कसोटी आहे. हिंगोलीच्या मोंढ्यात आज अमुक भाव फुटला असं कुणी सांगितलं की काका विचारतात, ‘विकून आला का ऐकून आला?’ विकून आलेल्याच्या खिशात पट्टी असते. (तोही शंभर-दोनशे वाढवून सांगतो, ते सोडा.) ‘सूत्रांची माहिती’ म्हणजे ऐकून आलेला. ३० जूनच्या दुपारपर्यंत सूत्रांनी देवेंद्र फडणवीसांना मुख्यमंत्री करून टाकलं होतं. मग खुद्द फडणवीसांनी एकनाथ शिंदेंचं नाव जाहीर केलं, आपण सरकारबाहेर राहू म्हणाले आणि संध्याकाळी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली! सूत्रांचं सोडा, इथं ज्याचं त्याचं वाक्यही रात्र बघू शकलं नाही.

आमचे आमदार संतोष बांगर. उद्धव ठाकरेंसाठी चारचौघांत रडतानाचा त्यांचा व्हिडिओ त्या दिवसांत गावात मोबाइल टू मोबाइल फिरत होता. व्हिडिओ एकदम जेन्युइन. ३ जुलैला विधानसभा अध्यक्षांच्या निवडणुकीत ते ठाकरेंच्या बाजूनं होते. ४ जुलैला विश्वासदर्शक ठरावावर शिंदेंच्या बाजूनं. ठराव १६४ विरुद्ध ९९ असा मंजूर झाला, तोही सभागृहात शिरगणती होऊन. ही पट्टी. तेव्हापासून तारीख नसलेला व्हिडिओ कितीही खरा असो, मी तो पुढे ढकलत नाही.

सगळ्यात मजा आली ११ मे २०२३ ला, सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या दिवशी. राज्यपालांनी ठाकरेंना बहुमत सिद्ध करायला सांगणं समर्थनीय नव्हतं, असं कोर्ट म्हणालं. पण चाचणीला सामोरं न जाता ठाकरेंनी राजीनामा दिल्यामुळे जुनी स्थिती परत आणता येत नाही, असंही म्हणालं. दोन्ही बाजूंनी विजय जाहीर केला! आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्यानं ‘पण’च्या अलीकडचं तेवढं टाकलं, काकांनी पलीकडचं. मोंढ्यात पट्टी मागणारे हेच ते काका. मी दोन्ही अर्धी जोडून टाकली. आठवडाभर दोघंही माझ्याशी बोलत नव्हते. एकमेकांशी मात्र बोलत होते.