मुलांच्या मनाची पुनर्बांधणी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मराठवाड्याची भूमी हादरली. आदल्या रात्री गणेश विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपी गेली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि जड माळवदांची घरे काही क्षणांत कोसळली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातील सास्तूर ही नावे त्या दिवसापासून साऱ्या देशाला ठाऊक झाली. जवळपास १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील गाव. सोलापूरहून उमरग्याकडे जाणारा रस्ता येथूनच पुढे जातो. या परिसरात आज पन्नाशी ओलांडलेल्या कोणालाही ती पहाट नव्याने सांगावी लागत नाही.

पुढील काही वर्षांत जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचे मोठे काम उभे राहिले. ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. किती घरे पडली, किती बांधून झाली, किती कुटुंबांना ताबा मिळाला, याचा हिशेब शासनाच्या दप्तरी नोंदला गेला. परंतु ज्या मुलांनी आई-वडील गमावले, ज्यांनी ढिगाऱ्याखालून ऐकू येणारे आवाज हळूहळू थांबताना अनुभवले, त्यांच्या मनाची पडझड मोजण्याचे साधन त्या काळी गावपातळीवर कोणापाशीच नव्हते. ‘मूल लहान आहे, विसरून जाईल’ हाच सर्वत्र दिला जाणारा दिलासा होता.

या मुलांसाठी जे मोठे काम झाले, त्यात जैन समाजाचा वाटा लक्षणीय होता. श्री. शांतिलालजी मुथ्था यांनी १९८५ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुलांना पुण्यास आणून त्यांच्या निवासाची व शिक्षणाची जबाबदारी स्वीकारली. पुण्याजवळील वाघोलीच्या शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्पाची परंपरा या कार्याशी जोडलेली आहे. पुढील काळात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलांनाही तेथे आधार मिळाला. त्या वेळी संघटनेसमोर प्रश्न होता तो मुलांच्या शिक्षणाचा आणि भवितव्याचा. मुलांच्या मनाचा जगभर जो अभ्यास झाला आहे, त्याच्या प्रकाशात आज या कार्याकडे पाहिले, तर प्रत्येक घराला उपयोगी पडावेत असे काही धडे त्यातून मिळतात.

‘मूल विसरते’ हा समज

आघातानंतरच्या मानसिक विकाराला वैद्यकशास्त्राच्या अधिकृत सूचीत स्थान मिळाले ते १९८० मध्ये. तेही प्रामुख्याने युद्धावरून परतलेले सैनिक आणि इतर प्रौढ यांच्या अनुभवावरून. मुलांवर आघाताचा परिणाम अल्पकाळ टिकतो, अशी तोवर बहुतेकांची धारणा होती. या धारणेला पहिला मोठा धक्का दिला तो अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात शाळेच्या बसमधील २६ मुलांचे अपहरण झाले होते. सर्व मुले सुखरूप परतली. टेर यांनी चार वर्षांनंतर त्यांचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा आघाताची चिन्हे प्रत्येक मुलात आढळली. मुले काहीच विसरली नव्हती. त्यांची आठवण खेळांतून, स्वप्नांतून आणि भवितव्याविषयीच्या भीतीतून व्यक्त होत होती.

त्यामुळेच आज बालमानसशास्त्र मुलाच्या बोलण्याइतकेच त्याच्या वागण्याकडे लक्ष देते. लहान मूल तीच घटना खेळात पुनःपुन्हा घडवते, सुटलेली सवय परत लागून अंथरूण ओले करते, आईला क्षणभरही सोडत नाही. मोठे मूल चिडते, अभ्यासातून मन काढून घेते किंवा पोट दुखते, डोके दुखते अशी तक्रार करते. २०१३ मध्ये सुधारलेल्या अमेरिकन निदानसूचीत ६ वर्षे व त्याहून लहान मुलांसाठी आघातोत्तर विकाराचे स्वतंत्र निकष देण्यात आले. मूल म्हणजे प्रौढाची लहान आवृत्ती नव्हे, ही जाणीव निदानाच्या भाषेत उतरण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

भूकंपाच्या संदर्भात आर्मेनियातील अनुभव बोलका आहे. डिसेंबर १९८८ मध्ये तेथे झालेल्या विनाशकारी भूकंपानंतर सुमारे दीड वर्षाने आर्मेन गोएन्जियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्युम्री शहरातील काही शाळांमध्ये किशोरवयीन मुलांसाठी अल्पकालीन मानसोपचार योजले. वर्गात आणि एकेकट्याने बोलून मुलांना घटना, दुःख आणि रोजच्या अडचणी यांना शब्द देण्यास मदत केली गेली. भूकंपानंतर तीन वर्षांनी तुलना केली असता उपचार मिळालेल्या मुलांची आघाताची लक्षणे कमी झाली होती. ज्यांना उपचार मिळाले नाहीत, त्यांच्यातील नैराश्य मात्र वाढले होते. म्हणजे केवळ काळ गेल्याने प्रत्येक जखम भरत नाही. दीड वर्षाच्या विलंबानंतरही मदत उपयोगी पडते, ही यातील दुसरी आणि अधिक आश्वासक बाब.

एक खात्रीचे माणूस

संशोधनाचा दुसरा प्रवाह वेगळा प्रश्न विचारतो : इतके सोसूनही काही मुले सावरतात, ती कशामुळे? एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले सक्षम आणि जिव्हाळ्याने वागणारी प्रौढ माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात समान काय होते, याचा शोध घेताना एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. त्या मुलांना किमान एक तरी खात्रीचे माणूस लाभले होते. कधी ती आजी होती, कधी काका, कधी शिक्षक, तर कधी शेजारी. अ‍ॅन मास्टन यांनी २००१ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, मनाची ही उभारी दुर्मीळ गुण नसून नात्यांसारख्या अगदी साध्या, नित्याच्या गोष्टींतून घडते.

या निष्कर्षाची दुसरी बाजू रुमानियातील संशोधनाने दाखवली. बुखारेस्ट येथे २००० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात अनाथालयांतील १३६ लहानग्यांचा अभ्यास करण्यात आला. काहींना प्रशिक्षित कुटुंबांत संगोपनासाठी ठेवले गेले. कुटुंबात गेलेल्या मुलांची वाढ, बुद्धी आणि जवळीक साधण्याची क्षमता सरस ठरली. जितक्या लवकर घर मिळाले, तितका लाभ अधिक. हे निष्कर्ष तान्ह्या आणि अगदी लहान मुलांचे असल्याने शाळकरी मुलांच्या वसतिगृहांना ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. तरीही त्यांतून आलेला विचार आता कायद्यातही दिसतो. भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा पर्याय मानला जातो.

१९९३ मध्ये गावेच उद्ध्वस्त झाली असताना शाळा, भोजन, सुरक्षित छप्पर आणि समदुःखी सवंगडी एकाच जागी मिळणे ही मोलाची गोष्ट होती. नियमित दिनक्रम हा स्वतःच एक उपचार आहे, असे आजचे शास्त्रही मानते. त्यात आता काही गोष्टींची भर पडली आहे. भावंडांची ताटातूट होऊ नये, सुट्टीत नातलगांकडे जाणे-येणे राहावे, मोठ्या वसतिगृहातही प्रत्येक मुलाला आपले म्हणता येईल असे एक ठरावीक, दीर्घकाळ टिकणारे माणूस असावे. वसतिगृहास देणगी देणाऱ्या दात्यांनी खोल्यांच्या संख्येबरोबरच हेही विचारावे.

तज्ज्ञ कमी, मुले अनेक

तिसरा प्रवाह भारतातच आकाराला आला आहे. मुलांचे मानसतज्ज्ञ मोजके आणि तेही बहुतांशी मोठ्या शहरांत. जळकोटसारख्या गावातील पालकाने त्यांच्यापर्यंत पोहोचायचे कसे? गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या मार्गदर्शनाखाली याचे एक उत्तर शोधले. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, परंतु काटेकोर प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडे काम सोपवायचे आणि त्याचा परिणाम शास्त्रीय कसोटीवर तपासायचा.

दिल्लीतील शासकीय शाळांतील २५१ किशोरवयीन मुलांवर केलेली अशी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पद्धत सोपी होती : अडचण नेमकी कोणती, तिच्यावर मार्ग किती, आणि त्यांपैकी एक करून पाहणे. काही मुलांना ही पद्धत सांगणाऱ्या पुस्तिका दिल्या गेल्या, तर काहींना पुस्तिकांसह समुपदेशकाच्या थोड्याच भेटी. सहा आठवड्यांनी लक्षणांच्या सर्वसाधारण मापनपट्टीवर दोन्ही गटांत विशेष फरक दिसला नाही. पण मुलांनी स्वतः ‘मला सर्वांत जास्त त्रास याचा होतो’ असे जे सांगितले होते, तो त्रास समुपदेशक भेटलेल्या गटात अधिक कमी झाला होता. मुलाचे दुःख मुलालाच विचारून मोजावे, ही आजच्या संशोधनातील महत्त्वाची दिशा आहे.

बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील माध्यमिक शाळांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे एकच कार्यक्रम काही शाळांत शिक्षकांनी, तर काही शाळांत बाहेरून नेमलेल्या समुपदेशकांनी राबवला. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्य आणि दांडगाई घटली. शिक्षकांकडे हेच काम जादा म्हणून सोपवले, तेथे परिणाम दिसला नाही. जे काम सर्वांचे म्हटले जाते ते कोणाचेच राहत नाही, हे व्यापारात वावरणाऱ्यांना वेगळे सांगण्याची गरज नाही.

आजची हानी शांतपणे होते

भूकंप एका पहाटे येऊन गेला. आज या जिल्ह्यातील मुलांवर येणारे आघात संथ आहेत. दुष्काळ, कर्ज आणि शेतकरी आत्महत्या यांमुळे २०१५ मध्ये शासनाने यवतमाळसह तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याची निवड ‘बळीराजा चेतना अभियाना’साठी केली. कोणत्या घराची उधारी अचानक वाढली, कोणत्या घरातून आता वडिलांऐवजी मूलच दुकानात येऊ लागले, हे गावातील किराणा दुकानदाराला आणि अडत्याला अनेकदा सर्वांच्या आधी कळते. त्या मुलाची आपुलकीने केलेली विचारपूस आणि शाळेच्या मुख्याध्यापकांच्या कानावर घातलेला एक शब्दही मोलाचा ठरू शकतो.

व्यापारी कुटुंबांच्या स्वतःच्या घरातही काळजीची कारणे आहेत. दहावीनंतर मूल लातूर, पुणे किंवा कोटा येथे शिकवणीसाठी जाते. नव्या गावी खोली, रोजची चाचणी, गुणांची यादी आणि घरच्यांनी भरलेल्या शुल्काचे ओझे, हे सारे पंधरा-सोळाव्या वर्षी येते. नेमके हेच वय नाजूक असते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक पातळीवरील एका व्यापक विश्लेषणानुसार एक-तृतीयांशाहून अधिक मानसिक विकार वयाच्या १४ वर्षांपूर्वी सुरू होतात आणि सुरुवातीचे प्रमाण साडेचौदाच्या सुमारास सर्वाधिक असते. बंगळूरच्या ‘निम्हान्स’ने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातील विकारांचे प्रमाण ७.३ टक्के, तर महानगरांत १३.५ टक्के आढळले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थी आत्महत्यांची नोंद आहे; राज्यांत सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची आहे.

या पार्श्वभूमीवर सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शाळा, महाविद्यालये, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, गुणांवरून तुकड्या पाडू नयेत, मुलांना चारचौघांत लज्जित करू नये, असे त्यांत म्हटले आहे. प्रवेश घेण्यापूर्वी निकालाची टक्केवारी विचारतो, त्याच वेळी समुपदेशक कोण आणि किती वेळ उपलब्ध, हे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे.

घराने काय करावे

अनेक घरांत अडथळा असतो तो ‘लोक काय म्हणतील’ याचा. पुढे स्थळ जुळण्यास अडचण येईल, पेठेत चर्चा होईल, या भीतीने उपचार लांबतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ अन्वये रुग्णाच्या माहितीची गोपनीयता राखणे उपचार करणाऱ्यांवर बंधनकारक आहे. लपवल्याने विकार थांबत नाही, तो केवळ उशिरा उघड होतो.

झोप, भूक, अभ्यास किंवा मित्रांशी वागणे यांत दोन आठवड्यांहून अधिक काळ ठळक बदल टिकला, तर तो ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडून देऊ नये. ‘तुला कशाची कमी आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘सध्या सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. जीव नकोसा वाटतो का, असे स्पष्ट विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात येत नाही, हे अभ्यासांतून दिसले आहे. उलट मन मोकळे होण्यास वाट मिळते. असा धोका वाटल्यास मुलाला एकटे न ठेवता त्वरित रुग्णालय गाठावे. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो, तो मराठीतही. संकटातील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे, आणि जिल्हा रुग्णालयातही मार्गदर्शन मिळते.

संध्याकाळी दुकानाचा हिशेब मिटल्यावर, भ्रमणध्वनी बाजूला ठेवून, मुलासोबत काढलेल्या अर्ध्या तासाला खर्च येत नाही. जे खात्रीचे माणूस संकटातील मुलाला तारते, असे काउआई बेटावरील अभ्यासाने दाखवले, ते होण्यासाठी पदवीची गरज नाही. रोज त्याच वेळी तेथे असणे आणि ऐकून घेणे, एवढे मात्र लागते.