आर्नोकाठची छत्री

कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर छत्रपतींच्या घराण्यातील व्यक्तींच्या समाध्या आहेत. दिसण्यात त्या लहानशा देवळांसारख्याच. परंतु याच घराण्यातील एका राजाचे स्मारक कोल्हापुरापासून हजारो कोस दूर, इटलीतील फ्लॉरेन्स नगरात, आर्नो नदीच्या काठी उभे आहे.

छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेच्या प्रवासास गेले. तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. जे जे पाहिले ते ते त्यांनी रोजनिशीत टिपून ठेवले. परतीच्या वाटेवर त्यांची प्रकृती ढासळली आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. त्या देशात प्रेत पुरण्याची चाल. दहनासाठी खास परवानगी काढावी लागली. नगराच्या टोकास आर्नो आणि मुन्योने या नद्यांचा संगम आहे. संगमाचे पावित्र्य जाणून सोबतच्या मंडळींनी तेथेच रात्री चिता रचली.

त्याच जागी १८७४ साली स्मारक झाले. महाराजांचा संगमरवरी अर्धपुतळा फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडविला. त्यावरील छत्री मँट याने आखली. कोल्हापूरचा नवा राजवाडा याच वास्तुकाराच्या कल्पनेतून उभा राहिला.

संगमरवर म्हणजे भूगर्भातील उष्णता व दाब यांमुळे रूप पालटलेला चुनखडीचा दगड होय. आपल्याकडील काळ्या दगडाहून तो मऊ. म्हणून पागोट्याची घडी, गळ्यातील हार, पापणीची कड असे बारकावे त्यात उतरतात. शिल्पकार आधी मातीचा नमुना करतो, त्यावरून प्लास्टरचा साचा घेतो आणि मापे घेत घेत ते रूप दगडात आणतो. छिन्नीचा एक घाव खोल गेला तर उडालेला कपरा पुन्हा जोडता येत नाही.

घाटावरील समाधी कोणाची, हे कोल्हापूरकरांना सहसा सांगावे लागत नाही. परमुलखात मात्र गेलेल्याची ओळख पटविणारे कोणी नव्हते. म्हणून तेथे चेहरा हवा होता. आणि तो चेहरा राजाचा, हे कळावे म्हणून वर छत्री हवी होती. छत्र हे आपल्याकडे राजपदाचे चिन्ह आहे.

फ्लॉरेन्सच्या लोकांना महाराजांचे नाव उच्चारणे अवघड गेले असावे. ते या स्थळाला नुसते ‘इंदियानो’, म्हणजे ‘हिंदी माणूस’, म्हणू लागले. १९७८ साली जवळच आर्नोवर मोठा पूल खुला झाला. त्यालाही तेच नाव मिळाले.