दहा वर्षांपूर्वी ती पोस्ट लिहिणारी 'ती' मीच का? माणूस बदलतो म्हणजे नेमकं काय बदलतं?

गेल्या महिन्यात सकाळी फोन उघडला, तर अ‍ॅपने 'मेमरी' म्हणून माझीच एक जुनी पोस्ट समोर ठेवली. दहा वर्षांपूर्वीची, मी अकरावीत असतानाची. वर्गात नव्याने आलेल्या एका मुलीच्या बोलण्याची मी त्यात नक्कल केली होती. ती 'पाणी'ला 'पानी' म्हणायची आणि 'आणि'ला 'आनि'. खाली चाळीसेक लाइक्स आणि हसणाऱ्या कमेंट्स.

माझ्या मनात पहिला विचार आला, ही मी नाहीच! आज मी असं लिहिणार नाही. उलट कुणी लिहिलं तर वाद घालेन. पण पोस्टवर नाव माझं होतं आणि फोटोही माझाच.

'तो मी नव्हेच' म्हटलं की आपल्याला आचार्य अत्रेंचं १९६२ चं नाटक आठवतं. त्यातला लखोबा लोखंडे वेगवेगळी सोंगं घेऊन लोकांना फसवतो आणि कोर्टात सगळं नाकारतो. लखोबा खोटं बोलत असतो. पण खरोखर बदललेला माणूस हेच म्हणाला, तर? एखाद्या खेळाडूचे किंवा कलाकाराचे जुने ट्वीट उकरून काढले जातात, तेव्हा वाद याच प्रश्नावर येतो.

दर सात वर्षांनी शरीर नवं होतं का?

'सात वर्षांत शरीरातली प्रत्येक पेशी बदलते, म्हणजे तुम्ही नवे माणूस असता' असा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. तो अर्धाच खरा आहे.

आतड्याच्या अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलतात, त्वचेचा वरचा थर काही आठवड्यांत आणि रक्तातल्या लाल पेशी साधारण १२० दिवसांत. पण मेंदूच्या बाह्य भागातल्या चेतापेशी जवळपास आपल्याच वयाच्या असतात. डोळ्याच्या भिंगाच्या मध्यभागातली प्रथिनं तर जन्माआधीच तयार झालेली असतात.

म्हणजे शरीराचा काही भाग सतत नवा होतो आणि काही भाग शेवटपर्यंत सोबत राहतो. 'मी तीच आहे का?' याचं उत्तर पेशी मोजून मिळत नाही.

मग 'मी' म्हणजे माझ्या आठवणी?

इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने १६९४ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर एक प्रकरण घातलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: शरीर बदललं तरी चालेल, जिथवर माझी जाणीव मागे पोहोचते, तिथवर मी तीच व्यक्ती.

ऐकायला पटतं. पण १७८५ मध्ये स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीड याने त्यातली अडचण दाखवली. एका मुलाला बागेतली फळं चोरल्याबद्दल मार बसतो. मोठेपणी तो शूर अधिकारी होतो, तेव्हा त्याला तो मार आठवतो. म्हातारपणी तो सेनापती होतो. त्याला अधिकारी असतानाचा पराक्रम आठवतो, पण लहानपणीचा मार आठवत नाही. मग सेनापती म्हणजे तो मुलगा नव्हे का?

डिमेन्शिया झालेली आजी आपलं नाव विसरते, पण आपण तिला परकी मानत नाही. तिच्या आयुष्याचा बराचसा भाग आपण लक्षात ठेवलेला असतो. म्हणजे आपली ओळख फक्त आपल्या डोक्यात नसते. ती इतरांच्या आठवणीतही असते.

माझंच बघा. ती पोस्ट मी साफ विसरले होते. पण जिच्याबद्दल लिहिली, तीही विसरली असेल का?

मिलिंद राजा आणि आंबेचोर

हाच प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका संवादात येतो. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, आणि बौद्ध भिक्खू नागसेन यांच्यातला हा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयाचं आणि नागसेनवन परिसराचं नाव या दोघांवरूनच आलंय.

नागसेन राजाला विचारतो, रथ म्हणजे काय? चाक, आस की दांडा? यातलं एकही सुटं अंग म्हणजे रथ नाही. सगळी अंगं मिळून जे होतं, त्याला आपण 'रथ' हे नाव देतो. माणसाचंही तसंच. मग तो रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं उदाहरण देतो. पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. दुधाचं दही होतं तसं एकातून दुसरं होत जातं.

पण मग चुकीचं काय? त्यावर नागसेनाने चोराची गोष्ट सांगितलीय. एक माणूस दुसऱ्याचे आंबे चोरतो आणि पकडला गेल्यावर म्हणतो, 'याने लावलेले आंबे वेगळे आणि मी तोडलेले वेगळे, मग माझा गुन्हा काय?' राजा म्हणतो, तो दोषीच. कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांतूनच आले.

मूळ चर्चा पुनर्जन्माची आहे. पण जुन्या पोस्टलाही ती लागू पडते. मी 'तीच' नसेन, पण तिच्यातूनच आलेय. त्यामुळे हिशेब माझ्याकडेच येतो.

यापुढे आपण बदलणार नाही, असं का वाटतं?

२०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात जॉर्डी क्वाडबाख, डॅनिएल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन यांचा अभ्यास आला. त्यात १८ ते ६८ वयोगटातल्या १९ हजारांहून जास्त लोकांचा समावेश होता. गेल्या दहा वर्षांत तुम्ही किती बदललात आणि पुढच्या दहा वर्षांत किती बदलाल, असे प्रश्न होते. स्वभाव, मूल्यं आणि आवडीनिवडी खूप बदलल्या, पण यापुढे फारशा बदलणार नाहीत, असाच कल सगळ्या वयांत दिसला. संशोधकांनी याला 'इतिहास संपल्याचा भ्रम' म्हटलं.

म्हणजे आज आपण ज्या खात्रीने पोस्ट करतो, ती खात्री दहा वर्षांनी आपल्यालाच परकी वाटू शकते.

कायदा काय म्हणतो?

स्पेनमधले मारिओ कोस्तेहा गोन्सालेस यांच्या घराच्या लिलावाची नोटीस १९९८ मध्ये पेपरात आली होती. देणं फिटलं, तरी गूगलवर नाव टाकलं की तीच नोटीस दिसायची. १३ मे २०१४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पेपरातली नोटीस तशीच राहिली, पण नावाने शोधल्यावर दिसणारी लिंक काढायला लावली. यालाच 'विसरलं जाण्याचा हक्क' म्हणतात.

भारतात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यात न्या. संजय किशन कौल यांनी स्वतंत्र निकालपत्रात लिहिलं की माणसं बदलतात, चुका करतात आणि त्यांना सुधारण्याचा, स्वतःला नव्याने घडवण्याचा हक्क आहे. मात्र हा हक्क अमर्याद नाही, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क आहे. पण इथे एक मेख आहे. आपण स्वतःहून सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला हा कायदा लागू होत नाही. कायद्यात त्यासाठी उदाहरणही सोशल मीडियाचंच दिलंय.

मग त्या पोस्टचं काय केलं?

डिलीट करायला दोन सेकंद लागले असते. पण मग 'तो मी नव्हेच' म्हटल्यासारखंच झालं असतं. म्हणून आधी तिला शोधून मेसेज केला, पोस्टबद्दल सांगितलं आणि माफी मागितली.

संध्याकाळी उत्तर आलं. 'आठवतंय. त्यानंतर वर्षभर मी वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता.' थोड्या वेळाने दुसरा मेसेज आला. 'आता मी शाळेत शिकवते. पोरं पानी म्हणतात. म्हणू देते.'

पोस्ट ठेवू की काढू, असं तिलाच विचारलं. 'काढ,' ती म्हणाली. मग काढली.