आरमाराचे लाकूड आणि रयतेचे झाड

मराठी राज्यकर्त्यांनी वृक्षांविषयी काय विचार केला होता, हे जाणू इच्छिणाऱ्याने रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तील दुर्ग आणि आरमार ही दोन प्रकरणे सावकाश वाचावीत, कारण निसर्गाविषयीची आस्था जेथे वर्णनात न रमता हुकुमाच्या भाषेत उतरते, तेथेच तिची कसोटी लागते. शिवछत्रपतींच्या कारकिर्दीत कारभार शिकलेल्या आणि राजाराम महाराज जिंजीस गेले असता मोगली धामधुमीत इकडील राज्य सांभाळलेल्या या मुत्सद्द्याने, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या नावे, इ. स. १७१५ च्या सुमारास हा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील झाडांविषयीचा मजकूर आज पुष्कळदा थोरल्या महाराजांचा स्वतःचा हुकूम म्हणून उद्धृत होतो. तो शब्दशः त्यांचा नव्हे. परंतु त्यांच्या राज्यनीतीचा संस्कार त्यावर आहे, याविषयी मला संशय नाही.

अमात्य लाकडाची गरज लपवीत नाहीत. तारवे बांधावयाची तर सागवानासारखे लाकूड हवेच. ते मुलखातील अरण्यातून हुजूरच्या परवानगीने तोडावे, आणि उणे पडेल ते परमुलखातून खरेदी करावे, अशी त्यांची व्यवस्था आहे. आंबा आणि फणस हीही आरमाराच्या कामाची झाडे. मात्र त्यांस हात लावण्याची मनाई आहे. ती झाडे एकदोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरासारखी वाढविलेली असतात, आणि ती तोडली असता त्या माणसांच्या दुःखाला पारावार राहत नाही, असे कारण अमात्य देतात. परपीडेने साधलेले कार्य फार काळ टिकत नाही, असेही बजावतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल, तर धन्यास राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने ते तोडावे. जबरदस्ती सर्वथा वर्ज्य. येथे वृक्षाला देवत्व दिलेले नाही. झाडाच्या वयात ते लावणाऱ्याचे आयुष्य खर्ची पडलेले असते, एवढे ओळखून, ज्याला लाकडाची निकड आहे त्या राज्यानेच स्वतःच्या हाताला घातलेली ही मर्यादा आहे, आणि म्हणूनच मला ती कोणत्याही वृक्षस्तोत्राहून मोलाची वाटते.

पुढे शंभर वर्षांनी मुंबईच्या गोदीत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली, इंग्रजी आरमाराची जहाजे मलबारी सागवानाची बांधली जात होती; १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूल येथे पाहावयास मिळते. त्यानंतर रेल्वे आली, रुळांखालच्या लाकडांची मागणी बेसुमार वाढली, आणि १८६५ व १८७८ च्या कायद्यांनी अरण्यावर सरकारची मालकी दृढ झाली. १८७८ च्या कायद्यात राखीव जंगल ठरविण्यापूर्वी लोकांचे दावे ऐकण्याची तरतूद होती खरी. पण पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट ज्याच्याजवळ कागदावर नव्हती, अशा माणसाने अंमलदारापुढे कोणता पुरावा ठेवावा? जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना, डोंगर आणि गायराने जंगलखात्यात गेल्यामुळे शेतकऱ्याच्या गुराढोरांना चरावयास जागा उरली नाही, ही तक्रार पोटतिडकीने मांडली. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणजवळ चिरनेर येथे जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला, तेव्हा या तक्रारीला जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

स्वराज्य आले तरी १९२७ चा वनकायदा कायम राहिला. संमतीचा प्रश्न पुन्हा कायद्याच्या भाषेत आला तो २००६ साली, वनहक्कांच्या कायद्याने. त्यान्वये गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला; तरीही आपल्याच रानातील बांबू बाहेर नेऊन विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती येण्यास २०११ साल उजाडावे लागले.